उत्क्रांती झाली की नैसर्गिक निवड झाली? उदाहरण बघून ओळखायचं कसं

दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा, शाळा सुरू झाल्या झाल्या पोरं ताजीतवानी असतात तेव्हाच तो उरकतो, त्यामुळं सगळ्यांना वाटतं हा धडा सोपा आहे. मग "उत्क्रांती म्हणजे काय" असं विचारलं की निम्मी पोरं लिहितात "सक्षम तोच टिकतो, याला उत्क्रांती म्हणतात", मार्कं पण पडून जातात त्याला, आणि गोंधळ पुढं जन्मभर तसाच राहतो. मी इथं सोलापुरात ट्यूशन घेतो, पोरांचं सोडा, त्यांचे पप्पा फी द्यायला आले की तेपण म्हणतात, सर तो डार्विन चुकला म्हणे, आता शास्त्रज्ञच म्हणायलेत. कुठला शास्त्रज्ञ, कशाबद्दल म्हणायलाय, ते काय माहीत नसतं.

तर सरळ पद्धत सांगतो. कुठलंही उदाहरण पुढं आलं की दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. बदल झाला का? आणि झाला तर कशामुळं झाला? उत्क्रांती हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. नैसर्गिक निवड, म्हणजे अंगातल्या गुणामुळं कुणाला जास्त पोरं होणं आणि कुणाला कमी, हे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांपैकी एक आहे, सगळ्यात गाजलेलं आहे, पण एकटं नाही. एवढं जमलं की बाकी सगळं हाताला येतं.

हे दोन वेगळे आहेत याचा पुरावा खुद्द इतिहासातच आहे. लॅमार्क नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८०९ साली, म्हणजे डार्विन जन्मला त्याच वर्षी, जीव काळाप्रमाणं बदलत जातात असं पुस्तकात मांडलं होतं. बदल होतो हे त्याचं बरोबर होतं, कारण चुकलं, वापरल्यानं अवयव वाढतो आणि ती वाढ पोरांना मिळते असं त्यानं सांगितलं. पुढं १८५८ मध्ये डार्विन आणि वॉलेस या दोघांचे लेख लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले आणि १८५९ ला डार्विनचं पुस्तक आलं. आता गंमत बघा, त्यानंतर थोड्याच वर्षांत बहुतेक जीवशास्त्रज्ञांनी मान्य केलं की हो बाबा, जीव बदलत आलेत, पण नैसर्गिक निवड हे त्याचं मुख्य कारण आहे हे मान्य व्हायला १९३०-४० उजाडलं! फिशर, हाल्डेन, राइट यांनी गणित मांडून दाखवलं तेव्हा कुठं. (हे हाल्डेन साहेब नंतर १९५७ ला भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ ला भुवनेश्वरला वारले. पोरांना हे सांगितलं की जरा कान टवकारतात.) म्हणजे मधली साठ-सत्तर वर्षं लोक एक गोष्ट मानत होते आणि दुसरीवर भांडत होते, म्हणजे दोन्ही एकच असणार कशा? अर्न्स्ट मायर नावाच्या शास्त्रज्ञानं तर डार्विनच्या सिद्धांताचे पाच तुकडे करून दाखवले, त्यात "बदल होतो" हा एक तुकडा आणि "निवडीनं होतो" हा वेगळा तुकडा. त्यामुळं उद्या कुणी म्हणालं की अमुक ठिकाणी निवडीचा वाटा कमी निघाला, तर त्यानं उत्क्रांती खोटी पडत नाही, भांडण कारणावरचं आहे.

आता ओळखायचं कसं ते.

सगळ्यात आधी एक प्राणी, एक झाड, एक माणूस बघायचं बंद करा, अख्खा घोळका बघा. मे महिन्यात सोलापुरात पारा ४४ च्या आसपास गेला की दुपारी गाडीवर फिरणारा माणूस काळा पडतो, ही उत्क्रांती नाही, तो पावसाळ्यात परत उजळतो आणि त्याच्या पोराला तो काळेपणा मिळत नाही. जिममध्ये जाऊन कमावलेले दंडही तसेच. एक जीव स्वतःच्या आयुष्यात कितीही बदलला तरी तो हिशोबात धरायचा नाही. घोळक्यात कुठला प्रकार शेकडा किती आहे, हे धरायचं.

मग बघायचं की पिढी बदलल्यावर ते प्रमाण बदललं का, आणि तो गुण आईबापाकडून पोरांत उतरणारा आहे का. उंची वाढली म्हणता, पण ती खाणंपिणं सुधारल्यामुळं असली तर जनुकं तीच आहेत, मग तिथं उत्क्रांती म्हणून शिक्का मारू नका. गुण उतरणारा आहे आणि त्याचं प्रमाण पिढ्यांमध्ये बदललं, दोन्हीला हो आलं, की उत्क्रांती झाली. इथं थांबायचं. कारण अजून विचारायचंच नाही. पोरांची गाडी नेमकी इथंच सुटते, लगेच "कारण सक्षम टिकले" लिहून मोकळे.

त्यानंतर कारण शोधायला घ्यायचं. सुरुवातीलाच वेगवेगळे प्रकार हजर होते का? आणि त्या प्रकारामुळंच, दुसऱ्या कशामुळं नाही, कुणाला जास्त पोरं झाली आणि कुणाला कमी? पोरं म्हणतोय मी, नुसतं जगणं नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट बघितलाय का, नराची ती पिळाची शिंगं लांडग्यापासून पळायला काय कामाची, ओझंच, पण नरानराच्या झुंजीत तीच कामाला येतात, आणि जिंकणाऱ्याला माद्या मिळतात. शंभर वर्षं जगून एक पण पिल्लू नाही झालं तर निवडीच्या वहीत त्याच्या नावापुढं शून्य.

सगळ्या प्रश्नांची उत्तरं मापून काढलेलं एक उदाहरण आहे, ते पाठच करून ठेवा. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांत डॅफ्ने मेजर म्हणून एक छोटं ओसाड बेट आहे, तिथं पीटर आणि रोझमेरी ग्रांट हे नवरा-बायको १९७३ पासून फिंच पक्षी पकडून, पायात कडी घालून, चोच मोजून परत सोडत होते. १९७७ ला तिथं पाऊस जवळजवळ पडलाच नाही. बारीक मऊ बिया पक्ष्यांनी संपवल्या, आणि राहिलं काय, तर आपल्या सराट्याच्याच जातकुळीतलं एक झुडूप. सराटा म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको, अनवाणी शेतात गेलेल्या प्रत्येकाच्या टाचेनं तो बघितलाय, ते टणक काटेरी फळ फोडून आतलं बी खायचं म्हणजे जाड चोच पाहिजे. बारीक चोचीचे पक्षी पटापट मेले, एकूण घोळक्यातले शंभरातले ऐंशीच्या वर गेले. जे राहिले त्यांची चोच सरासरीनं जाड होती, फरक किती, तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, नुसत्या डोळ्याला दिसणार पण नाही.

आता इथं घाई करू नका. जाड चोचीचे वाचले, ही झाली निवड, एकाच पिढीच्या आत. उत्क्रांती अजून झालेली नाही! ती झाली का हे कळायला पुढची पिल्लं मोजावी लागतात, आणि ग्रांट दांपत्यानं ती मोजली, आईबापाची चोच जाड तर पिल्लाची पण जाड हे त्यांच्याकडं आधीच्या मोजणीतून होतंच, आणि दुष्काळानंतरची पिल्लं खरोखर जाड चोचीची निघाली. मग उत्क्रांती. आणि पुढं १९८२-८३ ला एल निनोमुळं, म्हणजे पॅसिफिकचं पाणी तापल्यामुळं, तिथं धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं, आणि १९८४-८५ च्या टंचाईत बारीक चोचवाले सरस ठरले, गाडी उलटी फिरली. ज्यांना वाटतं उत्क्रांती म्हणजे नेहमी वर वर चढत जाणं, त्यांना हे ऐकवा.

पण वाचून डोक्यात बसत नाही हे, हातानं करून बघावं लागतं. घरात सोलापुरी चादर आहे ना, नसेल तर शेजारी असणारच, ती नक्षीची गडद लाल किंवा मरून चादर जमिनीवर पसरा. तीन रंगांचे कार्डपेपर आणा, एक चादरीच्या रंगाच्या जवळचा मरून, एक पांढरा, एक पिवळा. पंचिंग मशीननं टिकल्या पाडा, प्रत्येक रंगाच्या साठ-सत्तर तरी पाडून ठेवा, मागाहून लागतात. डाळी आणि कडधान्यं वापरू नका हो, बऱ्याच जणांना तेच सुचतं, पण वाटाणा मोठा आणि मसूर चपटी, बोटाला लागेल ते आधी उचललं जातं, मग रंगाची निवड न होता मापाची निवड होते आणि शेवटी आकडे बघून डोकं खाजवत बसावं लागतं.

प्रत्येक रंगाच्या २० अशा ६० टिकल्या चादरीवर पसरवा. दोन पोरांना कावळे करा. नियम एकच आणि तो कडक पाळायचा: एक टिकली उचलली की मान वर, वाटीत टाकायची, मग परत खाली बघून जी पहिली दिसेल ती. मान खाली घालून एका कोपऱ्यापासून झाडू मारल्यासारखं वेचत सुटले तर खेळ संपला. ४० टिकल्या उचलून झाल्या की चादर झटकून राहिलेल्या २० गोळा करा, रंगाप्रमाणं मोजा, वहीत लिहा. मग राहिलेल्या प्रत्येक टिकलीला तिच्याच रंगाची दोन पोरं द्या, परत ६० झाल्या, परत पसरवा. तीन-चार फेऱ्यांत पांढऱ्याचा बाजार उठतो आणि चादर मरून टिकल्यांनी भरते. दुसऱ्या घरात, दुसऱ्या पोरांनी, तसल्याच चादरीवर केलं तरी मरूनच जिंकणार, ही निवडीची खूण आहे, कितीही वेळा करा, दिशा तीच येते. मँचेस्टरला, ते पण आपल्यासारखं गिरण्यांचं गाव, हेच झालं होतं, १८४८ च्या सुमारास पतंग म्हणजे त्या पंखवाल्या किड्याचा काळा प्रकार दुर्मिळ होता, धुरानं झाडं काळी पडली, पक्षी पांढुरके पतंग टिपत राहिले आणि १८९५ पर्यंत शंभरातले ९८ पतंग काळे.

आता डाव बदला. प्रत्येक रंगाच्या फक्त ४ टिकल्या, म्हणजे १२, एका डब्यात टाका. डोळे मिटून हलवा आणि ४ बाहेर काढा. या चार वाचल्या, बाकी ८ फेकून द्या. चौघींना त्यांच्याच रंगाची दोन-दोन पोरं, परत १२, परत डोळे मिटून चार. पहिल्या-दुसऱ्या फेरीतच बऱ्याचदा एखादा रंग साफ होतो, आणि थोड्या फेऱ्या अजून खेचल्या की डब्यात एकच रंग राहतो. प्रमाण बदललं का? बदललं. गुण उतरतो का? उतरतो. म्हणजे उत्क्रांती झाली, शंभर टक्के झाली. निवड कुणी केली? कुणीच नाही, डोळे मिटले होते. पाच गट बसवून एकदम करा, एका गटात पिवळा राहील, दुसऱ्यात पांढरा, तिसऱ्यात मरून, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एक पोरगं हमखास उठतं, "सर, आमच्या पिवळ्यात काय तर पॉवर होती." काय बे पॉवर, डबा परत भर आणि परत कर, मग बघू पॉवर. याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. हेच ६० टिकल्यांतून डोळे मिटून २० काढून केलं तर बदल होतो पण सावकाश, घोळका जेवढा छोटा तेवढं नशीब जास्त नाचवतं.

तिसरा डाव बहुतेक लोक शिकवतच नाहीत आणि मला तोच सगळ्यात जास्त आवडतो. परत चादर, परत डोळे उघडे, पहिल्यासारखेच कावळे ४० वेचतात, पांढऱ्या जास्त उचलल्या जातात, म्हणजे निवड जोरात चालू आहे. पण आता राहिलेल्या २० बाजूला ठेवा, म्हातारे झाले, गेले. पुढच्या पिढीच्या ६० टिकल्या एका मिश्र डब्यातून न बघता घ्या, ज्यात तिन्ही रंग सारखेच आहेत. म्हणजे आईबाप कुठल्याही रंगाचे असोत, पोरांचा रंग नशिबाचा. दहा पिढ्या करा, कावळे दमतील, निवड दर पिढीला होईल, आणि दर पिढीच्या सुरुवातीला तिन्ही रंग आपले तिसऱ्या-तिसऱ्या हिश्श्यालाच. निवड आहे, उत्क्रांती नाही, कारण गुण उतरतच नाही. हे तीन डाव एका रविवारी दुपारी होतात आणि त्यानंतर व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही.

खऱ्या जगात डोळे मिटून काढलेल्या टिकल्यांचं उदाहरण पाहिजे असेल तर पॅसिफिक महासागरात मायक्रोनेशियात पिंगेलॅप म्हणून बेट आहे. १७७५ च्या सुमारास मोठं चक्रीवादळ आलं, बेटावर वीसेक माणसं उरली. त्यातल्या एकाच्या अंगात रंग अजिबात न दिसण्याच्या आजाराचं जनुक होतं. आज तिथं शंभरातल्या पाच ते दहा लोकांना जग काळं-पांढरं दिसतं, उजेड पण सहन होत नाही, बाकी जगात हा आजार हजारो माणसांत एखाद्याला. त्या जनुकाचा काही फायदा असल्याशिवाय ते पसरलं कसं असं वाटतं ना? फायदा बियदा काही नाही, वादळात कोण वाचलं यावर ठरलं, आणि उरलेल्या मूठभर माणसांनीच बेट परत भरलं. जनुकांच्या पातळीवर तर असं सारखं चालू असतं, जपानच्या किमुरा यांनी १९६८ ला मांडलं की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, नुसते वाहत आलेले.

आता आपल्याकडची उदाहरणं घेऊ, म्हणजे पद्धत चालते का ते कळेल.

डाळिंब घ्या. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, सगळीकडं भगवा हाच वाण. ही झाडं बीपासून करत नाहीत, फांदीला गुटी बांधून कलम करतात, म्हणजे बागेतलं प्रत्येक झाड जनुकांच्या हिशोबानं एकाच झाडाची कॉपी. तेल्या आला, फळावर ते तेलकट काळे डाग, मग फळ तडकतं, ज्यांनी बागा काढून टाकल्या त्यांना विचारा. आता कुणी म्हणेल की एवढा तेल्या आला तर निसर्ग बरोबर चिवट झाडं निवडेल. कशातून निवडेल? सगळी झाडं सारखीच, प्रकारच नाहीत, म्हणजे "वेगवेगळे प्रकार हजर होते का" या प्रश्नालाच फुली. (क्वचित एखाद्या फांदीत बदल होतो ते सोडून द्या.) आणि तेल्याचा जीवाणू? तो दिवसाला किती पिढ्या काढतो, त्याच्यात प्रकार पण असतात, म्हणजे निवडीला लागणारा सगळा माल त्याच्या बाजूला, आपल्या झाडाच्या बाजूला काहीच नाही. सोलापूरच्या केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथं वेगवेगळे वाण का सांभाळून ठेवतात ते यावरनं कळेल, प्रकार नसले तर माणसाला पण निवडता येत नाही.

मालदांडी ज्वारीचं वेगळं. काळ्या जमिनीत रब्बीला फक्त मुरलेल्या ओलीवर येणारी ही ज्वारी, तिचा एम ३५-१ हा वाण १९३० च्या दशकात आपल्या मोहोळला स्थानिक मालदांडीतनं निवडून काढलाय. प्रकार होते, गुण उतरत होता, काही ताटांचंच बी पुढं गेलं, प्रमाण बदललं. उत्क्रांती आहे, निवड पण आहे, फक्त निवडणारा माणूस आहे म्हणून नैसर्गिक म्हणायचं नाही, कृत्रिम निवड म्हणायचं. पंढरपुरी म्हशीची ती खांद्याच्या मागं गेलेली तलवारीसारखी शिंगं, त्यांच्याबद्दल विचारलं तर मी म्हणेन की आधी माहिती आणा, गवळ्यांनी शिंगं बघूनच रेडे राखले असतील तर कृत्रिम निवड, दूध बघून राखले आणि शिंगं आपोआप सोबत आली असली तर शिंगांची निवड झालीच नाही, ती नुसती मागनं फरपटत आली. असंही होतं, आणि बघून कळत नाही.

आणि गुलाबी बोंडअळी. इथं लोक हटकून फसतात. भारतात बीटी कापूस, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच बनवणारा कापूस, २००२ ला आला, तसलं विष बनवणाऱ्या दोन जनुकांचा २००६ ला. २०१० पर्यंत गुजरातेत पहिल्या जनुकाला दाद न देणारी अळी सापडली आणि २०१७ ला आपल्या विदर्भ-मराठवाड्यात दोन जनुकांच्या कापसाची पण बोंडं पोखरून निघाली. शेतकरी म्हणतो, अळीला सवय झाली. एका अळीला सवय होत नाही हो, ती बोंड खाते आणि मरते, विषय संपला. लाखो अळ्यांत क्वचित एखादी आधीपासूनच अशी असते की तिच्यावर ते विष चालत नाही, बाकीच्या मेल्या की रान तिचं, पोरं तिचीच. माणसानं घडवलं तरी ही नैसर्गिक निवडच, कारण चिवट अळी निवडावी असं कुणाच्या मनात नव्हतं. आता बियाण्याच्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटी बियांसोबत १२० ग्रॅम साध्या कापसाच्या बियांची पुडी यायची ती आठवते का? कडेनं लावा सांगायचे आणि लोक ती बांधावर फेकून द्यायचे, फुकट जागा कशाला अडवा म्हणून. त्या पुडीचं काम हेच होतं, साध्या अळ्या जगू द्यायच्या, म्हणजे चिवट अळीचा पतंग साध्याशी जोडी जमवेल आणि त्यांची पोरं बहुतांश बीटीवर मरतील. निवडीचा जोर कमी करायची सरळ युक्ती होती ती. निवड कशी चालते हे शेतकऱ्याला नीट समजावून कुणी सांगितलंच नाही, नुसतं "कंपल्सरी आहे" सांगितलं, मग कोण लावणार.

नान्नजचा माळढोक मात्र जरा जपून. १९७९ ला अभयारण्य झालं, आज तिथं पक्षी दिसणं म्हणजे नशीब, देशभरात मिळून दीडशेच्या आत-बाहेर. पोरं लिहितात, माळढोक सक्षम नव्हता म्हणून संपत आला, नैसर्गिक निवड. हे असं लिहू नका. संख्या घटली म्हणजे उत्क्रांती झाली असं नसतं, प्रमाण बदलायला पाहिजे. मादी वेळेला बहुधा एकच अंडं घालते, माळ गेले, विजेच्या तारा आल्या, तारेला धडकणारा पक्षी कुठल्या जनुकाचा आहे हे तार बघत नाही. उरलेल्या मूठभर पक्ष्यांत जी जनुकं राहिली ती राहिली, म्हणजे काही बदल झाला असेल तर तो डोळे मिटून काढलेल्या टिकल्यांसारखा धरायचा, निवड म्हणायला वेगळा पुरावा पाहिजे.

निवड असून बदल नाही, याची दोन उदाहरणं तोंडावर ठेवा. बाळाचं जन्मवजन: फार कमी वजनाची बाळं दगावायचा धोका जास्त, फार जास्त वजनाची पण अडचणीत, मधली सुखरूप. निवड दोन्ही टोकांनी छाटते म्हणून सरासरी जागेवरच राहते, निवडीमुळंच काही बदलत नाही. दुसरं सिकलसेल, हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्याकडं नंदुरबार-गडचिरोलीच्या पट्ट्यात आहे. जनुकाच्या दोन्ही प्रती आल्या तर आजार, एकच आली तर मलेरिया बेतानं जातो, एक पण नसली तर मलेरियाचा तडाखा. जिथं मलेरिया पिढ्यान् पिढ्या राहिलाय तिथं ओढाताण दोन्हीकडनं, त्यामुळं ते जनुक ना संपत ना सगळीकडं पसरत.

एक शंका दरवर्षी येते, मग दिशा तीच आली म्हणजे निवड आणि वेगवेगळी आली म्हणजे ड्रिफ्ट, एवढं सोपं आहे का. बऱ्यापैकी आहे, पण पूर्ण नाही. अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये एकाच जीवाणूपासून १२ बाटल्या सुरू केल्या, रोज थोडा थेंब नव्या बाटलीत. बाराच्या बारा बाटल्यांतले जीवाणू आधीपेक्षा जोमानं वाढायला लागले, ही निवड. पण ३१,००० च्या वर पिढ्या गेल्यावर फक्त एकाच बाटलीत हवेत असताना सायट्रेट (लिंबातल्या आंबटपणाच्या जातीचा पदार्थ) खायची ताकद आली, बाकी अकरांत नाही. निवडीला काम करायला माल पाहिजे आणि तो माल, म्हणजे उत्परिवर्तन (जनुकात अचानक होणारा बदल), कुठं कधी येईल हे नशिबावर. दोन्ही एकाच बाटलीत चालू असतात.

परीक्षेसाठी म्हणाल तर "फरक स्पष्ट करा" आला की दोन रकाने आखून एकमेकांच्या विरोधात लिहू नका, ते एकमेकांच्या विरोधात नाहीतच. पहिल्या वाक्यात उत्क्रांती: पिढ्यांगणिक घोळक्यातल्या आनुवंशिक गुणांचं प्रमाण बदलणं. दुसऱ्यात नैसर्गिक निवड: तो बदल घडवणारं एक कारण, ज्यात गुणामुळं पोरांची संख्या कमी-जास्त होते. मग निवडीनं झालेला बदल म्हणून फिंचची चोच, निवडीशिवाय झालेला म्हणून पिंगेलॅप, निवड असून न झालेला म्हणून जन्मवजन. पुस्तकातलं जिराफाचं उदाहरण सगळेच लिहितात, पेपर तपासणारे सर ते बघून बघून कंटाळलेले असतात.